जोडीदारावाचून अडलं पाहिजे

दोघांच्या हातात दोन बंदुका दिल्या आणि समोर शत्रू उभे केले की खेळ सहकार्याचा झाला, अशी समजूत शूटर गेमच्या दुनियेत बराच काळ चालत आली. प्रत्यक्षात अशा खेळात दोघं शेजारी शेजारी बसून एकेकटेच खेळत असतात; शत्रू जरा लवकर मरतात, एवढाच काय तो फरक. सहकार्य हवं असेल तर एकाचं दुसऱ्यावाचून अडलं पाहिजे, आणि ते अडणं खेळाच्या नियमांतूनच यायला हवं. मात्र नुसतं अडवून भागत नाही. किती अडवायचं, किती वेळ अडवायचं आणि दोघांपैकी कुणाला, इथे खरी मेख आहे. गेल्या चाळीसेक वर्षांतले दोघांनी खेळायचे शूटर पाहिले तर एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते: दोन सारख्याच तयारीचे खेळाडू गृहीत धरणारे गेम फसतात, आणि एक तरबेज, एक कच्चा अशी विजोड जोडी डोळ्यांपुढे ठेवून बांधलेले गेम टिकतात. आपल्याकडच्या खेळाडूंसाठी ही गोष्ट आणखीच महत्त्वाची आहे. त्याची कारणं पुढे येतीलच.

नव्वदच्या दशकात आपल्याकडे टीव्हीला जोडायचे गेमचे स्वस्त डबे आले. निन्टेन्डोच्या फॅमिकॉमच्या त्या नकला. कॅसेटवर हजारो गेमचा आकडा छापलेला असायचा आणि आत तेच थोडे गेम नावं बदलून फिरून फिरून यायचे. डब्याला रिमोट मात्र दोन असत, त्यामुळे भावंडांत आणि शेजाऱ्यांत दोघांचा खेळ रुजला. त्यातले दोन गेम जवळून पाहण्यासारखे आहेत. नामकोचा 'बॅटल सिटी' १९८५चा. दोघांचे दोन रणगाडे, विटांच्या भिंती आणि पडद्याच्या तळाशी मधोमध विटांनी वेढलेला गरुड. प्रत्येक पातळीत शत्रूचे २० रणगाडे येतात. गरुड फुटला की दोघांचाही खेळ खलास, मग कुणाचे कितीही रणगाडे शिल्लक असोत. जोडीदाराची गोळी लागली तर आपण मरत नाही, काही क्षण जागीच थिजतो. गरुड मात्र आपल्याच गोळीनेही फुटतो. या मोजक्या नियमांतून 'तू घर सांभाळ, मी वर जातो' हा करार कुणी न शिकवता जन्माला येतो. घर सांभाळणाऱ्याला फार हुशारी लागत नाही, पण तो हलला की सगळं संपतं. धाकट्या भावंडाला मिळालेली ही जागा दुय्यम असली तरी खोटी नाही.

दुसरा गेम कोनामीचा 'कॉन्ट्रा'. आर्केडवर तो १९८७ साली आला आणि पुढच्या वर्षी घरगुती यंत्रावर. त्याच्या तिसऱ्या टप्प्यात धबधबा चढायचा असतो. पडदा खालून वर सरकतो आणि पडद्याची खालची कड म्हणजे मृत्यू. वरच्याने दोन कपारी भराभर चढल्या की पडदा त्याच्यामागे वर जातो आणि खाली राहिलेला जोडीदार एकही गोळी न लागता मरतो. म्हणजे इथे तरबेज खेळाडूच कच्च्याला मारतो, तेही नुसता पुढे जाऊन. शिवाय ज्याच्या लाइफ संपल्या त्याला जोडीदाराच्या शिल्लक लाइफमधून एक उचलता येते. त्यामुळे कच्चा आधी स्वतःच्या संपवतो, मग दुसऱ्याच्या. 'कॉन्ट्रा'त दोघं एकमेकांना बांधलेले आहेत यात शंका नाही, पण ते बांधणं ओझ्याचं आहे. याच गेमवर लोक आजही जीव टाकतात, हे खरं. ते प्रेम त्याच्या वेगावर आणि बंदुकांवर आहे, असं माझं मत. धबधब्याच्या टप्प्यावरून झालेली भांडणं आठवणीत गोड होत असतील, पण रचना म्हणून ती चूकच होती.

नियमांनी अडवणं म्हणजे नेमकं काय, हे समजून घ्यायला संगणकाकडे जायची गरज नाही. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४च्या सुमारास ज्याचे नियम बांधायला घेतले तो खो-खो पाहावा. आठ जण एकाआड एक उलट दिशांना तोंड करून बसलेले, नववा आक्रमक धावतो. त्याला मधली पाटी ओलांडता येत नाही. एकदा घेतलेली दिशा खांबापर्यंत बदलता येत नाही. समोरचा संरक्षक मात्र हवा तसा पळतो. म्हणजे नियमांनी आक्रमकाला मुद्दाम अर्धवट केलेलं आहे. त्याची उणीव भरून निघते ती फक्त खो देऊन, म्हणजे आपलं काम योग्य क्षणी योग्य माणसाकडे सोपवून. आक्रमकाला मोकळं सोडलं असतं तर खो-खोची शिवाशिवी झाली असती. २०२२ साली पुण्यात बालेवाडीला अल्टिमेट खो-खो लीग सुरू झाली तेव्हा त्यात 'वजीर' आला. आक्रमण करताना त्याला कुठल्याही दिशेला धावायची मुभा आहे. पण ही मुभा सगळ्यांना दिली नाही. ती एकालाच असल्यामुळे त्याला खो कधी द्यायचा हा नवा डाव तयार झाला. शूटर गेमची रचना करणाऱ्याने यातून उचलावं ते हेच: खेळाडूची एक वाट बंद करायची आणि ती उघडायची किल्ली दुसऱ्याच्या हातात ठेवायची.

शूटर गेमना ही गोष्ट उमगायला वेळ लागला. १९९३च्या 'डूम'मध्ये चौघांपर्यंत मिळून खेळता येत होतं, पण तेच बोळ, तेच राक्षस. कुणाचं कुणावाचून काही अडत नव्हतं. २००१च्या 'हेलो'ने दोघांसाठी एक साधा नियम आणला. जोडीदार मेला तर तो परत येतो, पण उरलेला खेळाडू धोक्यातून बाहेर आल्यावरच. एरवी शूटरमध्ये मागे हटणं म्हणजे कच खाणं. इथे तीच जोडीदाराची सेवा झाली. भिंतीआड जाऊन दम धरायचा, गोळ्यांचा आवाज थांबू द्यायचा, मग मित्र शेजारी उभा. पुढच्या 'हेलो २'ने सर्वांत अवघड पातळीवर नियम कडक केला: एक मेला की दोघंही मागच्या टप्प्यावर. जिद्दी जोड्यांना तो आवडला, पण विजोड जोडीत त्याने 'कॉन्ट्रा'चीच गत केली, कारण कच्च्याची प्रत्येक चूक तरबेजाच्या माथी आली.

२००६च्या 'गिअर्स ऑफ वॉर'ने जायबंदी खेळाडू गुडघ्यावर येतो आणि मित्राने येऊन उठवलं की पुन्हा लढतो, ही पद्धत लोकप्रिय केली. आज ती इतकी सर्वत्र आहे की ती म्हणजेच सहकार्य असं वाटू लागलं आहे. माझा तिच्याबद्दल आक्षेप आहे. उठवणं हे संकट आल्यानंतरचं काम. त्याआधी दोघांनी काय करायचं, यावर हा नियम गप्प आहे. त्यामुळे कित्येक गेममध्ये सहकार्य म्हणजे आळीपाळीने रुग्णवाहिका होणं, एवढंच उरतं. २००८च्या 'लेफ्ट फोर डेड'ने तोच धागा पुढे नेला, पण अधिक अकलेने. तो गेम चौघांचा, तरी त्यातला प्रसंग नेहमी दोघांचाच असतो. हंटर नावाचा शत्रू अंगावर झेप घेऊन खाली दाबतो, स्मोकर नावाचा लांब जिभेने ओढून नेतो, आणि पकडला गेलेला स्वतः बहुधा काहीच करू शकत नाही. फरक असा की हे माहीत असल्यामुळे खेळाडू आधीपासूनच एकमेकांच्या नजरेच्या टप्प्यात चालतात. इथे शिक्षेपेक्षा शिक्षेची शक्यता जास्त काम करते.

संकटाआधीच्या सहकार्याची याहून चांगली उदाहरणं आहेत, आणि ती थोडी आडबाजूला सापडतात. २००७च्या 'टीम फोर्ट्रेस २'मधला मेडिक घ्या. त्याची मुख्य बंदूक कुणाला मारत नाही, ती मित्राला बरं करते. बरं करता करता तिच्यात भर साठत जाते, आणि ती पूर्ण झाली की मेडिक आणि ज्याच्यामागे तो उभा आहे तो, दोघांनाही आठ सेकंद काहीच इजा होत नाही. ही आठ सेकंदं कधी वापरायची, हे ठरवण्यात अख्खी लढत फिरते. मेडिकचा नेम कच्चा असला तरी चालतं, पण त्याला क्षण ओळखता आला पाहिजे. कच्च्या खेळाडूला दिलेलं काम सोपं असावं, क्षुल्लक नसावं, याचा हा नमुना. २००८च्या 'आर्मी ऑफ टू'ची कल्पनाही अशीच वजनदार होती: जो जास्त गोळीबार करतो त्याच्याकडे शत्रूंचं लक्ष वळतं आणि तेवढ्या प्रमाणात दुसरा त्यांच्या लेखी जवळजवळ अदृश्य होतो. लक्ष हीच दोघांत वाटून घ्यायची वस्तू झाली. गेम म्हणून तो बेताचाच, पण ही युक्ती कुणी तरी नीट पुन्हा हाती घ्यायला हवी.

याच्या उलट एक खोटं अडणं असतं आणि ते ओळखणं गरजेचं आहे. बंद दारापाशी एकाने यायचं, दुसऱ्याची वाट पाहायची, मग दोघांनी एकच बटण दाबून दार उचलायचं. 'गिअर्स', 'आर्मी ऑफ टू', २००९चा 'रेसिडेंट ईव्हिल ५' या सगळ्यांत अशी दारं, शिड्या आणि उंच कट्टे आहेत. तिथे दोघांची गरज असते, पण काही ठरवायचं नसतं. दारामागचा पुढचा भाग लोड व्हायला वेळ मिळावा म्हणूनही अशी दारं वापरली जातात, हे गेम करणाऱ्यांना चांगलंच ठाऊक आहे. सहकार्याची रचना वैतागवाणी असते, हा आक्षेप बहुतेक वेळा या दारांवर घेतलेला असतो, आणि तिथे तो रास्त आहे. त्याचं उत्तर गरज काढून टाकणं हे नाही. 'रेसिडेंट ईव्हिल ५'मध्येच दाराशेजारी चांगलं उदाहरण आहे. प्रत्येकाच्या थैलीत नऊच कप्पे, औषध आणि काडतुसं वाटून घ्यावी लागतात, आणि कुणी काय बाळगायचं यावर दर काही मिनिटांनी बोलणी होतात. याच गेमने दुसरा धडाही दिला. दुसरा माणूस नसेल तेव्हा शेव्हा या जोडीदार पात्राला संगणक चालवतो, आणि तिने हिरवी औषधी उगाच उधळली की खेळाडू हताश होतात. माणसाने केलेली तीच चूक आपण हसून सोडून देतो. म्हणून यंत्राला जोडीदार करायचं तर त्याला कमी अधिकार द्यावेत, एवढं मात्र पाळायला हवं.

विजोड जोडीचा प्रश्न सर्वांत नीट सोडवलेला गेम, माझ्या मते, हेझलाइट या स्वीडिश स्टुडिओचा २०२१चा 'इट टेक्स टू'. तो सबंध शूटर नाही, पण त्यातला गांधीलमाश्यांचा टप्पा शूटरच आहे. कोडी आणि मे ही त्यातली दोन पात्रं; कोडीच्या बंदुकीतून चिकट डिंक उडतो, मेच्या बंदुकीतून काडेपेटीच्या काड्या. नुसत्या डिंकाने कुणी मरत नाही, आणि काडी डिंकावर पडली की भडका. डिंक ढोबळ नेमानेही पसरतो, काडीला जास्त अचूकता लागते. त्यामुळे दोघं बंदुका कशा वाटून घेतात यातच त्यांची ताकद सामावून जाते. मेलेला खेळाडू एकच बटण भराभर दाबून परत येतो, आणि दोघं एकदम मेले तरच मागे जावं लागतं. कच्च्याने दहा वेळा मरावं, जोडीचं फारसं बिघडत नाही. वर एकाने गेम विकत घेतला की दुसऱ्याला तो फुकट खेळता येतो. हा शेवटचा मुद्दा दुकानदारीचा वाटेल, पण ज्या देशात जोडीतला एकच जण पैसे खर्च करू शकतो तिथे तोही रचनेचाच भाग आहे.

आपल्याकडे विजोडपणा केवळ हातातल्या कौशल्याचा नसतो, हातातल्या फोनचाही असतो. नेरळहून कल्याण-दादरकडे कॉलेजला किंवा कामाला जाणारी मुलं पाऊण तास, दोन तास लोकलमध्ये असतात, आणि शूटर त्यांच्यापर्यंत येतो तो फोनवर. मित्र तेच, पण एकाचा फोन नवा, दुसऱ्याचा मोठ्या भावाने वापरून दिलेला. एकाच्या स्क्रीनवर धूर, सावल्या, लांबचं गवत. दुसऱ्याच्या स्क्रीनवर सगळं खाली ओढलेलं. डब्याच्या काळात एक टीव्ही दोघांना समान करायचा, आता तो गेला आहे. मोठ्या कंपन्यांनाही एकाच पडद्याचा खेळ जड होऊ लागला. २०१५च्या 'हेलो ५'मधून तो काढला, लोकांनी आरडाओरडा केला, आणि 'हेलो इन्फिनिट'च्या मोहिमेसाठी दिलेलं आश्वासनही २०२२ साली मागे घेतलं. कारण साधं आहे, एकच यंत्र दोन वेळा चित्र काढणार. फोनवर तर हा विचारच नाही. मग समानता आणायची कुठून? मी म्हणतो, आणू नये. ज्याचा फोन कमजोर त्याला लांबचा नेम धरायला लावू नये. त्याला जवळचं, ढोबळ पण अटळ काम द्यावं.

दोघांना एकमेकांना सांगता येणं हा या सगळ्याचा पाया. लोकलच्या गर्दीत बोलून सांगणं अशक्य, आणि अनोळखी जोडीदार लागला तर भाषाही जुळेल असं नाही. २०१९च्या 'एपेक्स लेजेंड्स'ने ही गाठ एका बटणाने सोडवली. जिकडे पाहाल तिकडे खूण होते, आणि ती शत्रूची, वस्तूची की वाटेची हे गेम स्वतः ओळखून जोडीदाराला सांगतो. इथे नेरळच्या पुढच्याच मोठ्या स्टेशनचं उदाहरण चपखल बसतं. कर्जतहून लोणावळ्याकडे जाणाऱ्या बहुतेक गाड्यांना मागून बँकर इंजिनं जोडतात, कारण बोरघाटात ३७ फुटांना १ फूट असा चढ आहे. पुढचा चालक आणि मागचे चालक एकमेकांना दिसत नाहीत. मधे अख्खी गाडी असते. त्यांचं काम पूर्वी ठरावीक शिट्ट्यांवर चालायचं, आता वॉकीटॉकी आली. संदेश थोडे, ठरलेले आणि चुकीचा अर्थ निघणार नाही असे. दोघांच्या शूटरला यापेक्षा जास्त भाषा लागत नाही, आणि गेम तयार करणाऱ्यांनी गप्पांची सोय वाढवण्याआधी शिट्ट्या ठरवाव्यात.

आता बाजाराचा आक्षेप. लोकांना स्पर्धा हवी, सहकार्य हे जोडीला असलं तर ठीक, असं म्हणतात, आणि आकर्षण खरंच तिकडे आहे. पबजी मोबाइलवर २ सप्टेंबर २०२० रोजी बंदी आली. २ जुलै २०२१ला त्याच घराण्यातला बीजीएमआय आला, जुलै २०२२मध्ये दुकानातून काढला गेला आणि मे २०२३मध्ये परतला, तेव्हा १८ वर्षांखालच्यांना दिवसाला तीन तासांची मर्यादा घालून. इतकं होऊनही खेळणारे तिथेच. पुण्याच्या सुपरगेमिंगने १६ ऑक्टोबर २०२४ला आणलेला 'इंडस'ही बॅटल रॉयलच. पण बीजीएमआयच्या ड्युओ प्रकारातही लोकांना खिळवून ठेवतं ते काय, हे पाहावं. जोडीदार पडला की त्याला उठवायला सुमारे दहा सेकंद एका जागी उघडं बसावं लागतं. धुराचा गोळा टाकायचा, भिंत शोधायची की मित्राला सोडून पळायचं? त्या दहा सेकंदांत जितकी चर्चा होते तितकी उरलेल्या अर्ध्या तासात होत नाही. म्हणजे स्पर्धेच्या खेळातही रस सहकार्याच्या पेचातच साठलेला आहे. फक्त तो अपघाताने येतो, रचनेने नाही. हिंसेवरून पालक चिडतात, ते समजण्यासारखं आहे. पण तो वाद शूटर असावेत की नसावेत याचा आहे. मुलं खेळणारच असतील तर कुणाला तरी सांभाळून खेळावं लागणारे गेम बरे, इतकंच इथे पुरे.

शिवाय सहकार्याच्या खेळाला एक तांत्रिक फायदा आहे, त्याचा उपयोग आपल्याकडे कुणी फारसा करत नाही. स्पर्धेत गोळी लागली की नाही याचा निवाडा लांबच्या सर्व्हरने करावा लागतो, नाहीतर लबाडी होते. त्यामुळे रेंज गेली की खेळ गेला. दोघं एकाच बाजूला असतील आणि समोर संगणकाचे शत्रू असतील तर लबाडी करून मिळवायचं काय? प्रत्येकाच्या फोनने आपापल्या गोळीचा निकाल द्यावा, दुसऱ्याने तो मानावा. क्षणभराचा उशीर कळतही नाही. जुन्या 'डूम'मध्ये सगळ्या यंत्रांना पावलाला पाऊल लावून चालावं लागे आणि एक संथ झालं की सगळे अडत. ती अडचण आज घ्यायचं कारण नाही. 'मिनी मिलिशिया' आपल्या कॉलेजांत आणि लोकलच्या डब्यांत पसरला तो याच बाजूने: एकाने हॉटस्पॉट चालू करायचा, बाकीच्यांनी जोडायचं, इंटरनेटचा संबंध नाही. माथेरानच्या पायथ्याच्या वाड्यांत जिथे रेंज कधी असते कधी नसते, तिथेही तो चालतो. दोघांचा सहकारी शूटर हॉटस्पॉटवर उभा करणं त्याहून अवघड नाही.

उरतो तो अडचणीचा शेवटचा प्रकार: जोडीदार मधेच गेला तर? घरचा फोन आला, बॅटरी संपली, वांगणीला एक उतरला आणि दुसऱ्याला नेरळपर्यंत जायचं आहे. ज्या खेळात एकाचं दुसऱ्यावाचून अडतं, तो अशा वेळी ठप्प होतो, हा या लेखातल्या मुद्द्यावरचा सर्वांत खरा आक्षेप आहे, आणि मी तो मान्य करतो. 'लेफ्ट फोर डेड'मध्ये गेलेल्या खेळाडूची जागा संगणक घेतो, आणि चौघांत ते खपून जातं. दोघांत ते 'शेव्हा'चं दुखणं होतं. माझ्या मते यावर मार्ग असा: किल्ली जोडीदाराच्या हातात असावी, पण कुलूप थोड्या वेळाचं असावं. डिंक आणि काडीसारख्या जोडबंदुका छोट्या टप्प्यांपुरत्या द्याव्यात, आणि टप्पा संपला की प्रत्येकाकडे एकट्याने निभावेल अशी साधी बंदूक परत यावी. मधे जोडी तुटली तर राहिलेल्याला त्या टप्प्यात तग धरण्याचं वेगळं काम मिळावं, दार बंद करून, काडतुसं राखून, मित्र परत जोडला जाईपर्यंत. तो परतला की 'हेलो'च्या नियमाने, धोका टळताच, शेजारी उभा. परतलाच नाही तर तग धरल्याचे गुण दोघांच्या खात्यात सारखे जमा व्हावेत.